सुपेल्यामागचा उजेड

१२ नोव्हेंबर, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटे. दुर्बिणीच्या सगळ्या तबकड्या एकदम वळल्या आणि सुपेल्याच्या दिशेने स्थिर झाल्या. विशाखा, ही वेळ आपण दोघींनी अर्ज करून मागून घेतली होती. अर्जावर तुझे नाव पहिले होते, माझे दुसरे. नियंत्रण कक्षात तुझ्यासाठी राखून ठेवलेल्या खुर्चीवर तुझे बाबा बसले होते.

तू जाऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. बाबांनी दुर्गहून तुम्हा दोघांची तिकिटे काढली होती. तुझे त्यांनी रद्द केले, स्वतःचे तसेच ठेवले. मी त्यांना फोनवर म्हटले होते की एवढा प्रवास आता नका करू. ते म्हणाले, "चार वर्षं झाली, घरात दुर्बीण दुर्बीण ऐकून राहिलो. एकदा पाहून तर येतो." त्यांनी खिडकीतून जवळची एक तबकडी पाहिली, मग समोरचा पडदा पाहिला आणि विचारले, "आता दिसंन का तुमचा सुपेला?"

"नाही काकाजी, दिसत काहीच नाही. ह्या रेषा हलून राहिल्या, तेवढंच."

"इतक्या उन्हात चालते हे?"

"रेडिओला उन्हाचं काही नसते."

"ती सांगत होती मले," ते म्हणाले. "मी म्हटलं, फेकून राहिली."

त्याच संध्याकाळी सहा वाजता माझ्या परदेशातल्या संशोधनवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत होती. अर्जासोबत आपला निबंध नियतकालिकाकडे गेल्याची पोच जोडायची होती. निबंध तयार होता. प्रश्न एका आकड्याचा होता, आणि त्या आकड्यावर तुझे नाव राहणार की नाही याचा. तू स्पष्ट सांगितले होतेस, "अंदाजाचा आकडा छापायचा असंन तर माहं नाव काढ." त्यावरून आपले भांडण झाले आणि ते मिटायच्या आत तू गेलीस. आता दोन्ही बाजू मलाच मांडायच्या आहेत. शक्य तितक्या निःपक्षपातीपणे मांडते. तू असतीस तर पहिल्याच वाक्याला मला तोडले असतेस.

सुपेला म्हणजे आकाशगंगेच्या दाट पट्ट्यातला एक तेजोमेघ. यादीतले त्याचे नाव म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक ओळ आहे. ती मला कधी पाठ झाली नाही आणि तुला कधी आवडली नाही. नव्याने जन्मलेल्या ताऱ्यांची त्यातली दाटी पाहून तू म्हणालीस, "हा तर रविवारचा सुपेला बाजार झाला. पाय ठेवाले जागा नाही." त्या दिवसापासून भिलाईच्या बाजाराचे नाव आकाशातल्या त्या मेघाला चिकटले आणि मग आपल्या प्रत्येक फाइलीला. माझ्या मार्गदर्शक सरांना वर्षभर वाटत होते, की सुपेला हे कुणा जुन्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाचे नाव असावे. खरे काय ते तू मला त्यांना सांगू दिले नाहीस.

त्या ताऱ्यांच्या प्रखर किरणांनी भोवतालचा वायू तापतो. तो किती तापला हे कळले की त्यात ऑक्सिजनसारखी जड मूलद्रव्ये किती आहेत हे सांगता येते, कारण जड मूलद्रव्ये वायूला निववतात. डोळ्यांना दिसणारा प्रकाश वाटेतल्या धुळीत अडकतो, रेडिओ लहरी मात्र आरपार येतात. आणि मीटरभर लांबीच्या लहरींत हा मेघ तापलेल्या लोखंडासारखा होतो: आतले काही दिसत नाही, पण किती झळकतो हे मोजले की तापमान मोजल्यासारखेच. अडचण एवढीच, की मेघाच्या मागे आकाशगंगेचा स्वतःचा उजेड पसरलेला असतो आणि मेघ तो अडवतो. आपली दुर्बीण पूर्ण उजेड मोजत नाही. मेघ आणि त्याच्या आजूबाजूचे आकाश यांतला फरक तेवढा मोजते. म्हणून मेघाने जेवढा उजेड झाकला असेल तेवढा हिशेबात परत मिळवावा लागतो.

हे तू तुझ्या आईला समजावून सांगत होतीस तो दिवस मला आठवतो. तुम्ही सगळे सेक्टर सातच्या आमच्या क्वार्टरवर आला होतात. संध्याकाळची वेळ, गच्चीवर आपण तिघी. पोलादाच्या प्लांटमधून वितळलेला स्लॅग, म्हणजे लोखंडाची मळी, ओतला गेला आणि आकाश नारिंगी झाले. तू म्हणालीस, "आई, ती चिमणी पाह्य. काळी दिसून राहिली ना? ती गरम असो की थंडी असो, मागं उजेड जास्त हाये म्हणून काळी दिसते. मागं किती उजेड हाये ते समजलं, तरच चिमणीचं समजंन." काकूंनी क्षणभर विचार केला. "मग मागं जाऊन पाहत कावून नाही?" आपण दोघी हसलो. पण आपला अख्खा वाद शेवटी त्याच प्रश्नावर येऊन थांबला.

कारण मेघाच्या मागे जाता येत नाही. त्या भागातला आकाशाचा एकूण उजेड चौदाशे केल्व्हिन (रेडिओत उजेडही तापमानाच्या मापात मोजतात), हे आधीच्या नकाशांवरून ठाऊक होते. त्यातला मेघाच्या पलीकडे किती आणि अलीकडे किती, हे ठाऊक नव्हते. मी निम्मानिम्मा धरला. मोजलेला फरक साडेसहा हजार, त्यात सातशे मिळवले, सात हजार दोनशे झाले. यंत्रातली अनिश्चितता दीडशे. अधिक-उणे दीडशे एवढ्या नेमकेपणावर आपला निबंध दिमाखात उभा राहत होता. तू विचारलेस, निम्मा कशावरून? सगळाच पलीकडे असेल, किंवा जवळजवळ नसेलच. अधिक-उणे सातशे लिही. सातशे लिहिले की आकडा प्रामाणिक होत होता आणि त्याच क्षणी निरुपयोगी. तेवढ्या ढिल्या आकड्याची दुसऱ्या कुठल्याही मेघाशी तुलना होत नाही.

यातून मार्ग एकच होता. तोच मेघ दुप्पट लांबीच्या लहरींवर पुन्हा मोजायचा. लहर दुप्पट केली की मागचा उजेड सुमारे सहापट होतो. मेघाचे तापमान मात्र तेच राहते. दोन मोजमापे, दोन अज्ञात. शाळेतल्या एकसामयिक समीकरणांप्रमाणे गणित सुटते. ही वेळ सप्टेंबरमध्ये मिळावी म्हणून मी धडपडले. वाटप करणाऱ्यांनी नोव्हेंबर दिला.

विशाखा, तुझी माझी ओळख कोचिंगच्या सायकल स्टँडवर झाली. वर्गात सगळा व्यवहार हिंदीत. आपण एकाच बाकावर वर्षभर हिंदीत भांडत होतो. एक दिवस तू सायकलचे कुलूप काढता काढता फोनवर म्हणालीस, "येऊन राहिली मी. वांग्याची भाजी करशीन तर जेवणार नाही, सांगून ठेवते." मी मागे वळले.

"तू मराठी?"

"आन् तू?" तू मला वरपासून खालपर्यंत पाहिलेस. "मग वर्षभर हिंदी कावून झाडून राहिली होती?"

"तू पण तर झाडतच होती."

माझ्या घरी मराठी ही रागावण्याची आणि जेवायला बोलावण्याची भाषा होती. वडील भंडाऱ्याकडून शेती सोडून प्लांटच्या कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, आलेले. पाळीवरून आले की त्यांना बोलायचेच नसे. तुमच्या बोरसीच्या घरात मराठी वाचली जाई. तुझ्या आजोबांनी नागपूरहून ट्रंकेत भरून आणलेली पुस्तके कपाटात होती, आणि तुझे बाबा रेल्वेतून येऊन हात धुतल्यावर त्यातले एखादे उघडून बसत. हे जे मी आत्ता लिहिते आहे ते मराठी त्या कपाटातले आहे. तू म्हणाली असतीस, "इतकं छापील कावून लिहून राहिली? मी काय परीक्षक हाये?" तुझ्याशी बोलताना मला हे कधी वापरावे लागले नाही. आता दुसरे कुठलेच वापरवत नाही.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आपण हथखोजमध्ये, माझे मामा काम करत त्या शेडमध्ये, रेडिओ लहरी पकडायला पत्र्याचा कर्णा बनवून घेतला. आकाशगंगा त्याच्यासमोरून सरकली की यंत्रातला आकडा वाढायला हवा होता, आणि तो वाढला. दुसऱ्या दिवशीही वाढला. मी लगेच महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी तक्ता रंगवायला घेतला. तू म्हणालीस, "आठवडाभर थांब." आकाशातली गोष्ट रोज चार मिनिटे लवकर येते, आपला आकडा लवकर येतो का ते पाहू. तो आला नाही. रोज ठीक त्याच वेळी वाढत राहिला, आणि रविवारी वाढलाच नाही. जेवणाची सुट्टी संपवून वेल्डिंग सुरू करणारे माझे मामा होते. आपण आकाशगंगा समजून मामांना मोजत होतो. मामांना हे कळल्यावर ते आपल्या मित्रांना महिनाभर सांगत हिंडले, की पोरींनी त्यांचा नंबर वर लावला आहे.

ही आठवण मी मुद्दाम मध्ये घातली. तू नेहमी बरोबर असायचीस असे कुणाला वाटू नये, म्हणून पुढची गोष्टही सांगायला हवी. तू थांबायचीस, हे खरे. पण कधी कधी तू नुसतीच थांबायचीस. पहिल्या मोजमापाची विदा, म्हणजे यंत्राने नोंदवलेले आकडे, तू पाच महिने स्वच्छ करत बसलीस. विमाने, उपग्रह, कुणाचे तरी खराब विजेचे कुंपण, यांचे डाग एकेक करून काढत राहिलीस. काढून झालेले पुन्हा तपासत राहिलीस. विचारले की रुसायचीस. दोन आठवडे उत्तर नाही, आणि मग अचानक एका संध्याकाळी फोन: "झालं वं. पाह्य कसं चकाचक." खरोखर चकाचक असायचे. तरी पाच महिने म्हणजे पाच महिने.

तुझा सिकलसेलचा रक्तविकार मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. आपल्याकडे हे नाव लपवण्यासारखे राहिलेले नाही; वर्गात दोघा-तिघांच्या घरी तो होता. आपल्या दोघींना एकाच वर्षी खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत प्रवेश मिळाला. थंडीत हा आजार उसळतो; दोन हिवाळे तू काढलेस, आणि प्रत्येक हिवाळ्यात महिनाभर इस्पितळात. तिसऱ्या हिवाळ्याआधी तू बोरसीला परतलीस आणि तिथून काम करू लागलीस. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणी उंच डोंगरांवर, विरळ हवेत. तिथे तू जाऊ शकत नव्हतीस. आपली दुर्बीण तशी नाही. ती सपाट रानात आहे. संस्थेत असताना तिच्याकडे जायचे ते प्रत्येक वेळी हिवाळ्यातच ठरले, आणि प्रत्येक वेळी तू इस्पितळात होतीस. परतल्यावर उन्हाळ्यात तू म्हणालीस पावसाळा होऊ दे. पावसाळ्यात मी म्हटले, माझा अहवाल होऊ दे. मग तुला रक्त चढवावे लागले, मग माझी परिषद. जिच्या डोळ्यांनी तू चार वर्षे पाहिलेस ती दुर्बीण तू एकदाही पाहिली नाहीस. यात कुणा एकाचा दोष शोधून मला सापडत नाही. दोघींना वाटत होते की ती कुठे जाणार आहे.

सप्टेंबरमधला तो फोन आता लिहिते.

मी सांगितले की नोव्हेंबरची वेळ मिळाली, पण मुदतही त्याच दिवशी आहे. त्या मोजमापाचा निकाल हाती यायला आठवडे लागतील. म्हणून आत्ता एकाच लहरीवरचा निबंध पाठवू, दुसरा नंतर.

"अधिक-उणे किती लिहिलं?"

"दीडशे."

"आन् निम्मं?"

"निम्मं गृहीत धरलं असं एका ओळीत लिहिलं आहे ना."

"ती ओळ कोण वाचते? लोक आकडा उचलतेत." मग तू हसलीस. "तू एक्सप्रेस हायेस, प्राची. मी मालगाडी. मले बाजूच्या लूपलाइनवर उभं राहायची सवय हाये. तू जा ना पुढं. माहं नाव काढ आन् जा."

मला ते लागले. मी म्हटले, "तुले भीती वाटते, दुसरं काही नाही. मोजत राहायचं, छापायचं नाही, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही."

मागे तुमच्या कुकरची शिट्टी झाली. मग तू अगदी साध्या आवाजात म्हणालीस, "तू चुकली तर पुढच्या वर्षी दुरुस्त करशीन. माह्या नावावर जे छापंन, ते तसंच राहीन."

"हे काय बोलून राहिली?"

"काही नाही. हिमोग्लोबिन साडेसहा, सिस्टीम टेम्परेचर हाय. ठेवते."

तू आपल्या तब्येतीची खबर नेहमी यंत्राच्या भाषेत द्यायचीस आणि मी ती यंत्राचीच खबर म्हणून ऐकायचे. त्या दिवशीही तसेच ऐकले. तुझे आधीचे वाक्य मी वादातला एक डाव समजले, आणि उत्तरही मनात तयार केले: विज्ञानात कुणाचाच आकडा शेवटचा नसतो, दुसरे लोक दुरुस्त करतात, म्हणून तर आपण छापतो. उत्तर चांगले होते. आजही मला ते पटते. फक्त ते त्या वाक्याला दिलेले उत्तर नव्हते. दुरुस्तीला वेळ मिळणार नाही हे तुला ठाऊक होते, हे तू मला सांगितलेस. मी विचारायला हवे होते, किती वाईट आहे? तेवढे तीन शब्द. त्यानंतर आपण बोललो ते फायलींबद्दल.

तू गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बोरसीच्या घरात पांढऱ्या कपड्यांतली माणसे दाटीने बसली होती. वंदना झाली. लोक तुझ्याबद्दल बोलले. मला बोलायला सांगितले तेव्हा मी नको म्हटले. जेवणे झाल्यावर काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावले आणि ताटे पुसता पुसता विचारले, "पोरी, ते अधिक-उणे काय असते वं?"

"कावून काकू?"

"दवाखान्यात डॉक्टर रोज विचारे, दुखणं दहापैकी किती. ही म्हणे, सात, अधिक-उणे दोन. डॉक्टर म्हणे, ऐसे नहीं, एक नंबर बताओ. ही म्हणे, एक नंबर म्हणजे झूट होईन. आखरीपर्यंत त्याले एक नंबर नाही दिला." काकूंनी दुसरे ताट पुसायला घेतले. "डॉक्टर चांगला होता. तो हसे. मग तोच लिहायला लागला तसं."

मी त्यांना सांगितले की अधिक-उणे म्हणजे आपल्याला जेवढे माहीत नाही तेवढे. काकू म्हणाल्या, "एवढंच?" मी हो म्हटले. त्यांनी ताट मांडणीत ठेवले. "मग तुमच्या त्या कामावर तिचं नाव राहीन ना?"

बाहेर कुणीतरी हाक मारली आणि काकू गेल्या.

सरांचे मत स्पष्ट होते आणि त्यांच्या जागी मीही तेच दिले असते. निबंध पाठव. तिचे नाव ठेवायला तिची संमती नाही, म्हणून ते काढ. ऋणनिर्देशात तिच्याबद्दल चांगला परिच्छेद लिही, निबंध तिला अर्पण कर. दुसऱ्या लहरीचा निकाल पुढच्या निबंधात दे. संशोधनवृत्ती दरवर्षी निघते, पण दरवर्षी मिळेलच असे नाही.

म्हणून १२ नोव्हेंबरच्या दुपारी माझ्यासमोर दोन पडदे होते. एकावर सुपेल्याच्या रेषा हलत होत्या, दुसऱ्यावर निबंध उघडा होता. चार वाजता मी तुझ्या बाबांना सगळे सांगितले. त्यांना अंधारात ठेवणे मला जमले नसते. त्यांनी शांतपणे ऐकले. रेल्वेत आयुष्यभर सिग्नलचे काम केलेला माणूस ऐकताना मध्ये बोलत नाही, हे मी कोचिंगच्या दिवसांपासून पाहते आहे.

"सहा वाजता बंद होते?"

"हो."

"मग टाकून दे." ते पडद्याकडे पाहत होते. "ती जिद्दी होती. मी बाप हाओ, मले माहीत नाही का. आमच्यासाठी तुहं नुकसान नको करू. तिचं नाव खाली कुठंतरी असंन, तेवढं बस हाये आमाले."

"काकू विचारत होत्या."

"तिले मी सांगतो ना."

परवानगी मिळाली तेव्हा खरे तर काम सोपे व्हायला हवे होते. मी तुझे नाव पहिल्या पानावरून काढले. मग ऋणनिर्देश लिहायला घेतला. "विदा स्वच्छ करण्यात विशाखाने मदत केली." हे वाक्य लिहिले आणि पुढे सरकता येईना. मदत? विदेतला एकेक डाग तू काढला होतास. काय ठेवायचे, काय टाकायचे, हा प्रत्येक निर्णय तुझा होता. पद्धतीच्या विभागात "आम्ही" असे लिहिलेले होते. त्या "आम्ही"मधून तुला वजा केले तर उरलेल्या एकीला, म्हणजे मला, ते काम कसे झाले हे सांगताच आले नसते. साडेसहा हजार हा आकडा तुझा होता. त्यात मिळवलेले सातशे तेवढे माझे होते, आणि ते मोजलेले नव्हते.

मी तुझे नाव परत घातले आणि निबंध बंद केला. मग रेषांकडे पाहत बसलो, तुझे बाबा आणि मी. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले. बाहेरचा उजेड उतरत गेला.

"वाजले का सहा?" शेवटी त्यांनी विचारले.

"वाजून गेले."

"मग चहा घेऊ," ते म्हणाले. उठताना त्यांनी खुर्ची पुढे सरकवून टेबलाला नीट लावून ठेवली.

सरांना मी दुसऱ्या दिवशी कळवले. ते दोन दिवस बोलले नाहीत, मग बोलू लागले. या वर्षीची संधी गेली. त्याचे मला वाईट वाटते, रोज वाटते, आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. तुला ते आवडलेही नसते. आपल्यात एकीने तरी बाहेर जाऊन यावे, हे तूच म्हणायचीस.

त्यानंतर विदा स्वच्छ करायला मीच बसले. दोन मीटरच्या लहरींत गोंगाट अफाट. कुठला डाग कशाचा, हे तू आकारावरून ओळखायचीस; मला प्रत्येकासाठी अर्धा दिवस लागत होता. काही तुकडे मी घाईने टाकून दिले आणि मग परत आणले. पाच महिने कशात जातात ते पहिल्यांदाच कळले. हे तुला फोन करून सांगावे असे इतक्या वेळा वाटले, की फोन हातात घ्यायची सवयच मोडावी लागली.

डिसेंबरच्या सुट्टीत मी काम घेऊन भिलाईला आले. आज सकाळी सेक्टर सातच्या क्वार्टरमध्ये, आई मागच्या दारात मेथी निवडत असताना, दुसरा आकडा हाती आला. दोन मीटरवरचा फरक दोन हजार सातशे पन्नास. पहिल्यातून तो वजा केला, सहापटीतून एक पट गेली म्हणून पाचाने भागले. मेघाच्या मागचा उजेड साडेसातशे.

माझा अंदाज सातशेचा होता.

विशाखा, मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. निम्मानिम्मा धरला होता तो जवळजवळ बरोबर होता. मुदतीत पाठवला असता तरी फारसे चुकले नसते. कुणी पकडले नसते, कारण पकडण्यासारखे विशेष नव्हतेच. तू असतीस तर दुसऱ्या खोलीतून आईला हाक मारून सांगितले असतेस, "पाह्य वं आई, तुक्का लागला हिचा." आणि मी म्हटले असते, तुक्का नाही, तर्क. आणि आपण पुन्हा भांडलो असतो. हे भांडण मी जिंकले आहे की हरले आहे, हे ठरवायला दुसरी बाजू लागते.

मी तुझ्या बाबांना फोन केला. त्यांनी विचारले, "तिचा खरा निघाला का तुहा?"

"आकडा माझ्या अंदाजाजवळ निघाला, काकाजी. पण तो मोजायला ती सांगत होती तसंच करावं लागलं."

"तिले राग आला असता," ते म्हणाले. मग मला त्यांच्या हसण्याचा आवाज आला, आणि मग तोही थांबला. काकूंना काय सांगायचे ते त्यांनी विचारले. नाव राहते आहे, पहिलेच, एवढे सांगा, असे मी म्हटले.

दुपारभर मी अनिश्चितता मोजत होते. यंत्राची दीडशे तर होतीच. हिशेबात पहिले मोजमाप एक पूर्णांक दोन दशांश पट धरले जाते, म्हणून तिची एकशे ऐंशी झाली. मग दुसऱ्या मोजमापाची मिळवली. मग तू विचारले असतेस ते सगळे विचारले: मागचा उजेड सहापट होतो म्हणतेस, साडेपाचपट झाला तर? मी स्वच्छ केलेल्या विदेत तुझ्याइतका हात बसलेला नाही, त्याचे किती? प्रत्येक प्रश्नाचे थोडे थोडे मिळवत गेले. आता आणखी काही सुचत नाही. तुला सुचले असते.

निबंध जानेवारीत जाईल. दिवंगत लेखकाच्या नावापुढे एक लहानसे चिन्ह घालतात, आणि तळटीपेत त्याचा खुलासा. ते चिन्ह मी अजून घातलेले नाही. आकडा तेवढा घातला आहे.

७,२५० केल्व्हिन, अधिक-उणे २१०.